मेंढी व्यायच्या आधी हात बसवून घ्या

मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ ते १५० दिवसांचा. म्हणजे कळपात नर सोडल्यापासून नव्या मेंढपाळाला शिकायला पाच महिने मिळतात. बहुतेक जण हे पाच महिने शेड, चारा आणि औषधांची पेटी यांतच घालवतात, आणि पहिल्या मेंढीला कळा सुरू झाल्या की मोबाईलवर व्हिडिओ शोधायला बसतात. तोवर फार उशीर झालेला असतो. खूर पुढचा की मागचा, समोर नाक आहे की शेपटी, हा पाय याच कोकराचा की दुसऱ्याचा, हे सगळं आत न बघता, ओल्यात आणि कळांच्या दाबाखाली बोटांनीच ओळखायचं असतं. त्यामुळे आपली पहिली मेंढी व्यायच्या आधी दुसऱ्याच्या कळपातली निदान पंधरा-वीस वेतं बघा, आणि त्यांतल्या चार-पाचांना जाणत्या माणसासमोर हात लावा. हे कसं जमवायचं ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी तारखा मांडा

देशावर पहिल्या पावसाच्या हिरवळीवर मेंढ्या माजावर येतात आणि विण्याचा मोठा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारीत पडतो. नर १५ जूनला सोडला तर पहिलं कोकरू ९ नोव्हेंबरच्या सुमारास धरा. मेंढी साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते. नर दोन माज, म्हणजे ३५ दिवस कळपात ठेवून बाजूला काढला, तर सगळी वेतं पाच आठवड्यांत आटोपतात. नर वर्षभर कळपातच फिरत राहिला तर वेतं विखुरतात आणि कुठल्याच रात्री निश्चिंत झोप मिळत नाही.

गेरू गोडेतेलात कालवून नराच्या छातीला लावा. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या माकडहाडावर रंग उमटतो. रोज संध्याकाळी रंगलेल्या मेंढीचा बिल्ला नंबर वहीत लिहा आणि त्यापुढे १४७ दिवसांनंतरची तारीख टाका. सतरा दिवसांनी रंग बदलला की उलटलेल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आलेल्या मेंढ्याही कळतात.

आणखी एक गोष्ट करा, जी फारसं कुणी सांगत नाही. आजूबाजूच्या कळपांपेक्षा आपला नर तीन-चार आठवडे उशिरा सोडा. त्यांची वेतं तुमची शाळा होतात, आणि तुमच्या मेंढ्या व्यायला लागतील तोवर हात थोडातरी तयार झालेला असतो.

शिकायला कुठे जायचं

सगळ्यात चांगली जागा म्हणजे धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता मुक्काम. फलटण, माण, सांगोला, जत या दुष्काळी पट्ट्यांतले कळप पावसाळा संपला की बाहेर पडतात. काही कोकणात उतरतात, काही नदीकाठच्या बागायतीत जातात. वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. नेमक्या याच दिवसांत मेंढ्या वितात. तुमच्या शिवारात कळप बसला असेल तर संध्याकाळी मेंढरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) यायच्या आधी जाऊन कारभाऱ्याला विचारा. मोकळ्या हाताने जाऊ नका. पाण्याच्या घागरी आणायच्या, कोकरांसाठी बाभळीचा पाला तोडायचा, ही कामं अंगावर घ्या. दिवसभर मेंढरं रानात असतात तेव्हा कोकरं वाड्यावर बायांच्या हाताखाली असतात. कुठलं कोकरू प्यालं, कुठल्या आईचा एक सड बंद आहे, हे त्या न लिहिता सांगतात. शिकायचं ते मुख्यतः त्या मावश्यांकडून.

वाडा जवळ नसेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत: सांगली जिल्ह्यात रांजणी, साताऱ्यात दहिवडी, सोलापुरात महूद. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीचा संशोधन प्रकल्प आहे. जुळी देणाऱ्या मेंढ्या घेतल्या असतील तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेकडे चौकशी करा. बंगालच्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी रक्तात आणून ‘नारी सुवर्णा’ तिथेच तयार झाली. साधी दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते, त्यामुळे तिच्या कळपात जुळ्यांची गुंतागुंत शिकायला मिळण्याची शक्यता कमी.

दुसऱ्याच्या कळपातून घरी येताना रोगही येऊ शकतो. तिथले कपडे आणि गमबूट वेगळे ठेवा. परतल्यावर बूट घासून, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवूनच आपल्या शेडकडे जा. त्या कळपात मेंढ्या गाभडत असतील तर तिथे शिकायला जाऊ नका. गाभडलेल्या मेंढीची वार आणि पाणी यांतून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसालाही होतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिने वेताच्या कामाला आणि त्या कपड्यांना अजिबात हात लावू नये.

घरी करायचा सराव

मटणाच्या दुकानातून शेळी-मेंढीचा एक पुढचा आणि एक मागचा पाय आणा. पुढच्याचा गुडघा आणि मागच्याचा टाचेचा सांधा शाबूत ठेवायला सांगा, कारण एरवी तिथेच सुरी चालते. दोन्ही पाय गोणपाटाच्या पिशवीत टाका, डोळे मिटा आणि हाताने चाचपा. खुरापासून वर सरका. पहिला सांधा घोट्याचा. तो आणि त्यावरचा सांधा एकाच दिशेला वळत असतील तर पाय पुढचा. घोटा एकीकडे आणि वरचा सांधा उलट दिशेला वळत असेल, शिवाय तिथे टाचेचं टोक लागत असेल, तर पाय मागचा. नुसत्या तळव्याच्या दिशेवर विसंबू नका. तळवा वर असलेलं कोकरू पायाळू असू शकतं, तसंच नुसतं पाठीवर उलटलेलंही असू शकतं. सलग दहा वेळा न चुकता पाय ओळखता येईपर्यंत सराव करा.

पुढची पायरी म्हणजे फळांचा खोका. त्याला मनगट जेमतेम जाईल एवढं भोक पाडा आणि आतून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून ते घट्ट करा. जुन्या पायमोज्यांत भुसा भरून डोकं, मान आणि चार पाय असलेलं कोकरू शिवा. घरच्या कुणाला तरी ते आत वेडंवाकडं ठेवायला लावा आणि एका हाताने सरळ करून बाहेर काढा. खेळ वाटेल, पण एक पाय मागे राहिलेलं कोकरू सोडवताना तळहात कसा वाकवायचा हे यातून कळतं.

आधी नुसतं बघा

वाड्यावरच्या पहिल्या आठ दिवसांत हात मागे बांधून बसा. वितेवेळची मेंढी कळपातून बाजूला होते, एकाच जागेची माती खुराने उकरते, बसते, उठते, वळून पोटाकडे बघते, ओठ चाटते. तिची कास तट्ट भरलेली असते, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात, मागून चिकट तार लोंबते. हा टप्पा दोन ते सहा तासांचा असू शकतो आणि या काळात माणसाने करण्यासारखं काही नसतं. मग पाण्याची पिशवी दिसते किंवा फुटते. तिथे घड्याळ बघा आणि वेळ लिहा.

पिशवी फुटल्यावर मेंढी जोर लावते. साधारण तासाभरात कोकरू बाहेर येतं, पहिलारू मेंढीला थोडा जास्त वेळ लागतो. बरोबर येणारं कोकरू पाण्यात सूर मारल्यासारखं येतं: पुढचे दोन खूर, तळवे जमिनीकडे, आणि दोन्ही गुडघ्यांवर टेकलेलं नाक. असं दिसलं आणि पुढे सरकत राहिलं तर लांब उभे राहा. नव्या माणसाकडून सर्वाधिक नुकसान होतं ते घाईने. ओढाओढीत पिशवी फाटते, वाट पुरती उघडायच्या आधी कोकरू अडकतं, आणि बिचकलेली पहिलारू उठून पळते. मग ती कोकराला चाटतच नाही.

हात कधी घालायचा, कसा घालायचा

पिशवी फुटून अर्धा तास झाला, मेंढी सतत जोर लावते आहे आणि काहीच पुढे सरकत नाही, तर आत बघायची वेळ झाली. नुसतं डोकं किंवा एकच पाय बाहेर असेल, शेपटी दिसत असेल किंवा घाण वासाचं पाणी येत असेल, तर अर्धा तासही थांबू नका. एक फसवी अवस्था मात्र लक्षात ठेवा. कोकरू ढुंगणाकडून आलं आणि पाय पोटाखाली दुमडलेले असले तर वाटेत काहीच उतरत नाही, म्हणून मेंढी जोरही लावत नाही. ती नुसती अस्वस्थ राहते, मधूनच रवंथ करते, आणि ‘अजून वेळ आहे’ असं वाटून रात्र निघून जाते. तीन-चार तास अस्वस्थ असूनही पुढे काही न होणारी मेंढी तपासलीच पाहिजे.

नखं मुळापर्यंत कापा, अंगठी-घड्याळ काढा. मेंढीची मागची बाजू आणि आपला हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. लांब हातमोजा घाला आणि त्यावर वंगण जेल किंवा लिक्विड पॅराफिन भरपूर लावा. कपड्याची पावडर वापरू नका, तिने आतली त्वचा सोलवटते. मेंढीला उजव्या कुशीवर निजवा, एकाने मान धरावी. पाची बोटांचा निमुळता चाफा करा आणि कळ ओसरली की सावकाश आत घाला. कळ आली की हात स्थिर ठेवा. दोन बोटांपुढे घट्ट कडं लागत असेल तर गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नाही. जबरदस्ती करू नका, डॉक्टरांना बोलवा.

आत गेल्यावर ओढायच्या आधी समजून घ्या. पाय सापडला की त्यावरून खांद्यापर्यंत जा, खांद्यावरून मानेला आणि मग डोक्याला. वाटेत हाताचा माग तुटला नाही तर तो पाय त्याच डोक्याचा. जुळ्यांमध्ये एकाचा पाय आणि दुसऱ्याचं डोकं मिळून ‘बरोबर’ आल्यासारखं वाटतं. तसं ओढलं तर दोन्ही कोकरं जातात.

नेहमी भेटणाऱ्या अडचणी

*एक पाय मागे.* डोकं आणि एकच पाय हाताला लागतो. कोकरू लहान असेल तर कधी कधी तसंच येतं, पण माडग्याळी जातीच्या मेंढीचं मोठं कोकरू खांद्यात अडकतं. परकराची सुती नाडी उकळून तयार ठेवलेली असावी. तिचा फास डोक्यावर, कानांमागून आणि तोंडातून घ्या. नुसता गळ्याभोवती नको. मग कळ नसताना डोकं हळू आत ढकला, मागे राहिलेला पुढचा पाय शोधा, खूर तळहातात झाकून पुढे आणा. खूर झाकला नाही तर तो गर्भाशय फाडू शकतो. डोकं हरवलं तर नाडीने पुन्हा सापडतं.

*डोकं मागे वळलेलं.* दोन पाय येतात, नाक लागत नाही. पाय ओढाल तितकी मान जास्त वळते. पायांना नाडी बांधून कोकरू आत सारा, हनुवटीखाली हात घालून तोंड वाटेकडे आणा. नव्या माणसाने हे पहिल्यांदा एकट्याने करू नये.

*पायाळू कोकरू.* दोन्ही मागचे पाय आधी येतात. फिरवत बसू नका, तसंच काढा. मात्र ढुंगण बाहेर आलं की पुढचा भाग न थांबता काढायचा, कारण नाळ ओटीपोटाच्या हाडाशी दाबली गेलेली असते आणि डोकं अजून पाण्यात असतं.

*फक्त शेपटी.* कोकरू आत ढकलून एकेक मागचा पाय टाचेतून वाकवून, खूर झाकून आणावा लागतो. मग ते पायाळूसारखं निघतं.

ओढायचं ते मेंढीच्या कळेबरोबर. आधी सरळ बाहेर, डोकं आल्यावर खाली, तिच्या मागच्या टाचांच्या दिशेला. एका माणसाच्या हाताचा जोर पुरे. दोघांनी मिळून ओढायची वेळ आली तर काहीतरी चुकतं आहे. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर थांबा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकाचा नंबर शेडच्या दारावर खडूने लिहिलेला असावा. तोवर कुणी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायला सांगेल. देऊ नका. कोकरू आडवं असताना किंवा गर्भाशयाचं तोंड बंद असताना ते दिलं तर गर्भाशय फाटतं.

पहिला तास

कोकरू पडलं की नाकातोंडावरची पिशवी काढा, बोटाने चिकटा पुसा. श्वास घेत नसेल तर गवताची काडी नाकपुडीत फिरवा, ते शिंकतं. कोरड्या गोणपाटाने छाती घासा. श्वास लागला की लगेच आईच्या तोंडापुढे ठेवा आणि दूर व्हा. ती चाटते त्याने कोकरू सुकतं, उबतं आणि तिला त्याची ओळख पटते. घाईने स्वच्छ पुसलेलं कोकरू पहिलारू मेंढी नाकारते. ती नाकारत असेल तर पिशवीचं पाणी कोकराच्या पाठीवर चोळा आणि तिला धरून सड तोंडात द्या.

नाळ पोटापासून दोन इंचावर ठेवा, लांब असेल तर बांधून कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. बुडवायची म्हणजे कॅमेरा रोलच्या डबीएवढ्या लहान बाटलीत मुळापर्यंत. वरवर कापूस फिरवल्याने नाळ नीट सुकत नाही आणि पुढे सांधे सुजतात. तीन-चार तासांनी पुन्हा एकदा बुडवा.

मग सडांकडे वळा. प्रत्येक सडाच्या टोकाला घट्ट बुच असतं. ते दोन चिळा पिळून काढा, नाहीतर कोकरू तासभर चोखून उपाशीच राहतं. कासेवर लोकर असेल तर विण्याआधी आठवडाभर कातरून ठेवा. कोकरं लोकरीचा पुंजका सड समजून चोखतात.

चीक आणि ऊब

चीक पहिल्या दोन तासांत पोटात गेला पाहिजे. पहिल्या खेपेला दर किलो वजनामागे ५० मिली, दिवसभरात २०० मिली. म्हणजे तीन किलोच्या कोकराला आधी १५० आणि चोवीस तासांत ६०० मिली. रोगाशी लढणारे घटक आतड्यांतून शोषले जातात ते पहिल्या दिवसापुरतेच, त्यानंतर चीक फक्त अन्न उरतो. आई कमी पडली तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक चालतो. गोठवून ठेवलेला कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा. उकळला की फाटतो आणि निकामी होतो.

कोकरू प्यालं का, हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं. बोट तोंडात घाला: गरम आणि जोराने चोखणारं तोंड म्हणजे ठीक. पाठ कमानीसारखी करून, चारही पाय जवळ घेऊन उभं असलेलं, कुशीत खळगा पडलेलं, तोंड गार लागणारं कोकरू उपाशी आहे. थर्मामीटर गुदद्वारात लावा. १०२ ते १०४ फॅरनहाइट ठीक. १०२ च्या खाली असेल तर सुकवा, उबदार जागी न्या आणि चीक पाजा. ९९ च्या खाली गेलं आणि मान धरत नसेल तर तोंडाने काहीही पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. पाच तासांपेक्षा मोठं असं कोकरू नुसतं शेकलं तरी दगावतं, कारण अंगातली साखर संपलेली असते. त्याला आधी डॉक्टरांकडून ग्लुकोज, मग शेक.

नळीने पाजायचं काम डॉक्टरांकडून किंवा वाड्यावर समोर करून शिकून घ्या. नळी नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून खूण करावी, कोमट पाण्याने ओली करून जिभेवरून सावकाश सोडावी. कोकरू गिळत राहतं. खोकला आला तर लगेच बाहेर काढा. ६० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून चीक आपोआप उतरू द्या, ढकलू नका.

आपली पाळी आली की

शेवटचे सहा आठवडे मेंढीला रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्या, मका आणि पेंड मिळून. पोटात जुळी असून खुराक कमी पडला तर मेंढी मागे रेंगाळते, आंधळ्यासारखी भिंतीला डोकं लावून उभी राहते. ही गाभणपणातली विषबाधा आहे, त्याच दिवशी डॉक्टर लागतात. आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस विण्याआधी महिनाभर द्यावी, म्हणजे तिचं संरक्षण चिकातून कोकराला मिळतं.

शेडच्या कोपऱ्यात चार बाय पाच फुटांचे कप्पे करा, दर दहा मेंढ्यांमागे एक. त्यात कोरडं काड आणि पाण्याचं न उलटणारं घमेलं. व्यालेली मेंढी कोकरासह एक-दोन दिवस तिथेच राहू द्या. दोघांच्या पाठीवर एकाच रंगाचा एकच आकडा टाका. गळ्यात बॅटरी, खांद्यावर घोंगडं आणि पिशवीत हातमोजे, जेल, तीन उकळलेल्या नाड्या, टिंक्चर, थर्मामीटर, नळी, सिरिंज, टॉवेल, झुलता वजनकाटा, एवढं पुरतं.

वहीत प्रत्येक वेताला पिशवी फुटल्याची वेळ, कोकरू पडल्याची वेळ, वजन, चीक प्यायल्याची वेळ आणि वार पडल्याची वेळ लिहा. वार बहुधा दोन ते सहा तासांत पडते. लोंबत असेल तर ओढू नका, दगड बांधू नका. बारा तास झाले तर डॉक्टरांना कळवा. पडलेली वार हातमोजा घालून उचला आणि चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना घालू नका. ती पुरून आलात की हात धुवा आणि मेंढीच्या पोटाला बाहेरून, कासेच्या पुढे तळहात दाबून बघा. आत कठीण काही हललं तर अजून एक कोकरू आहे.